तितर उठवणारा कुत्रा आणि मोताळ्याचे वावर

मोताळा तालुक्यातल्या तरुण मंडळींत अलीकडे कुत्रा पाळण्याची हौस वाढली आहे. हौस वाईट नाही. घरात मुलांना जीव लावायला एखादा प्राणी असावा, वावरात रात्रीच्या जागलीला सोबत असावी, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु आमच्याकडे हल्ली जो प्रश्न वारंवार येतो तो जरा निराळा आहे. "तितर, लावा उठवायला कोणत्या जातीचा कुत्रा चांगला? स्पॅनियल घ्यावा की लॅब्रॅडॉर?" विचारणारी मुले शिकलेली आहेत. मोबाईलवर त्यांनी परदेशातली चित्रे पाहिलेली असतात. लांब कानांचा कुत्रा गवतात शिरतो, पक्षी भुर्रकन उडतो आणि मागे उभा असलेला माणूस बंदूक झाडतो. शहरातला विक्रेताही छातीवर हात ठेवून सांगतो, की हा जातिवंत शिकारी आहे, याच्या रक्तातच ते आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे आम्ही ठरवले. "शिकार वाईट, करू नका" एवढेच सांगून मुले ऐकत नाहीत. त्यांचे वयच तसे असते.

आधी कुत्र्यांविषयी बोलू. बंदुकीबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांचे इंग्रजांनी कामावरून वेगवेगळे वर्ग पाडले. पॉइंटर आणि सेटर हे मालकापासून लांब फिरतात आणि पक्ष्याचा वास आला की नाक त्या दिशेला करून जागच्या जागी खांबासारखे उभे राहतात. रिट्रीव्हर, म्हणजे लॅब्रॅडॉर आणि गोल्डन, यांचे मुख्य काम पडलेला पक्षी दात न लावता उचलून आणून देणे. स्पॅनियल मात्र थांबत नाही. तो मालकाच्या पुढे थोड्याच अंतरावर डावीकडून उजवीकडे नागमोडी फिरतो, प्रत्येक झुडूप नाकाने चाळतो आणि पक्षी सापडला की थेट त्याच्यावर जाऊन त्याला उडायला भाग पाडतो. बंदुकीच्या टप्प्याच्या आत राहून काम करणे, हा त्याचा खरा गुण. स्प्रिंगर स्पॅनियल या नावाचा अर्थही पक्ष्याला उसळी घ्यायला लावणारा असाच आहे. बंदूक रूढ होण्यापूर्वी जाळ्यासाठी आणि ससाण्यासाठी तो हेच काम करी. कॉकर हे नाव वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून पडले.

यात एक गंमत आहे, ती मुद्दाम सांगतो. पूर्वी इंग्लंडात एकाच वेताची पिल्ले अंगाने मोठी निघाली तर त्यांना स्प्रिंगर म्हणत आणि लहान राहिली तर कॉकर. सख्खी भावंडेच ती! पुढे तिथल्या केनेल क्लबने कागदोपत्री वाटणी केली, स्प्रिंगरला १९०२ साली स्वतंत्र मान्यता दिली आणि दोन जाती झाल्या. आज त्या जातीच्या कागदाचे पैसे मोजावे लागतात.

पुस्तकी उत्तर हवे असेल तर ते असे. काटेरी, दाट झुडपांत दिवसभर खपायला स्प्रिंगर. तो साधारण गुडघ्याएवढा उंच आणि वीस किलोच्या वर भरतो. जागा लहान असेल तर कॉकर, तेरा-चौदा किलोंचा. उठवणे आणि आणणे ही दोन्ही कामे एकट्याकडून हवी असतील आणि पाणीही असेल तर लॅब्रॅडॉर. आपल्याकडचा कारवानी, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात आणि ज्याचे चित्र २००५ साली टपालाच्या तिकिटावर आले, तो या कामाचा नाही. तो नजरेने शिकार करतो. उघड्या माळावर सशामागे वाऱ्यासारखा धावणे हे त्याचे काम. झुडपात नाक खुपसून फिरण्याचा त्याला कंटाळा.

पण हे पुस्तक लिहिले गेले ते थंड, ओलसर मुलखात. मोताळ्यासाठी ते लिहिलेले नाही.

बुलडाण्याहून राजूर घाट उतरून खाली आले की हवा कशी बदलते हे आपल्या लोकांना सांगायला नको. वर गार वारा आणि खाली नळगंगेच्या काठाला तापलेली काळी जमीन. मे महिन्यात दुपारी पऱ्हाटीच्या रिकाम्या वावरात माणूस उभा राहू शकत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. ज्याच्या अंगावर लांब रेशमी केस आणि कानांवर झालर, त्याने या उन्हात धावायचे म्हणजे रजई पांघरून नांगर धरण्यासारखे आहे. शिवाय वास धरायला जमिनीत थोडी ओल लागते. तापलेल्या कोरड्या धुऱ्यावर भल्या भल्या नाकांचे काही चालत नाही.

त्याहून वाईट म्हणजे आपले कुसळी गवत. पावसाळा संपता संपता माळावरचे गवत पिवळे पडते आणि त्याची कुसळे धोतराला, लुगड्याला चिकटतात. ती काढताना आपण वैतागतो, पण निदान काढू तरी शकतो. स्पॅनियलच्या लोंबत्या कानात कुसळ शिरले की ते टोकाने पुढे पुढेच जाते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरले तर पाय सुजून पू होतो. मग जनावरांच्या डॉक्टरकडे खेपा सुरू होतात. गोखरू आणि गोचीड यांचा त्रास वेगळाच. विक्रेता यातले काही सांगत नाही, कारण त्याला पिल्लू विकून मोकळे व्हायचे असते.

आता कायद्याचे बोलू. इथे खरोखर एखाद्याच्या पोराचे आयुष्य अडकू शकते, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनीही हा भाग वाचावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. मूळ कायद्यात तितर आणि लावा हे 'लहान शिकार' या सदरात होते आणि परवाना काढून त्यांची शिकार करता येत असे. जुनी माणसे परवान्याच्या गोष्टी सांगतात त्या याच काळातल्या. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने लावल्या आणि दंड वाढवला. आज साध्या प्रकरणात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तोच गुन्हा अभयारण्यात घडला तर किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि वर दंड. ज्ञानगंगा अभयारण्याची हद्द आपल्या तालुक्याला लागून, काही ठिकाणी तालुक्याच्या आतच आहे. ते १९९७ साली जाहीर झाले. कुत्र्याला हद्दीचा दगड वाचता येत नाही.

काही मुले म्हणतात, "आमच्याकडे बंदूकच नाही. कुत्रा नुसता उठवील, आम्ही बघू." त्यांनी कायद्यातली शिकारीची व्याख्या वाचावी. नुसते मारणे म्हणजेच शिकार असे तिथे म्हटलेले नाही. पकडणे, फासे लावणे, पाठलाग करणे, हाकून काढणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे आणि यांपैकी काही करण्याचा प्रयत्न, हे सारे त्या एका शब्दात येते. म्हणजे मौज म्हणून कुत्रा मुद्दाम तितरांवर सोडला तरी तो त्याच कलमात बसू शकतो. आणि पकडला कोण जातो, हेही आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. ज्याच्या ओळखी आहेत तो सुटतो, ज्याच्या नाहीत तो तारखा करत बसतो.

पक्ष्याच्या बाजूनेही एकदा पाहावे. तितर झाडावर घरटे बांधत नाही. धुऱ्यावरच्या गवतात किंवा बोरीच्या जाळीखाली जमीन थोडी खोलगट करून मादी अंडी घालते आणि जवळजवळ तीन आठवडे त्यांवर बसून राहते. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत हा काळ पसरलेला असतो. तिचा रंग मातीत असा मिसळतो की दोन हातांवरून माणूस निघून गेला तरी ती हलत नाही. डोळ्याला फसवण्याचे सगळे शहाणपण तिच्याकडे आहे, नाकाला फसवण्याचे मात्र फारसे नाही. कुत्र्याने उठवलेली मादी परत येईलच असे नाही. आली तरी तोवर कावळा, मुंगूस किंवा ऊन यांनी आपले काम केलेले असते. लाव्यांचेही तेच. तो थवा पायाखालून फुटल्यासारखा उडतो ते पाहायला गंमत वाटते, पण त्यात पिल्ले असतील तर ती चारी दिशांना फाकतात. तितर वाळवी खातो, किडे खातो, गवताचे बी खातो. वावराच्या धुऱ्यावर पहाटे त्याची ती चढत्या सुरातली हाक ऐकू येत नसेल, तर धुऱ्यावर गवतही उरलेले नाही असे खुशाल समजावे.

अजून एक धोका आहे. तो गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे, मोबाईलवाल्यांना नाही. आपल्या डोंगरात अस्वल आहे. बिबट आहे. २०१९ साली तर टिपेश्वरकडून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस चालत ज्ञानगंगेत येऊन पोचला होता. जाळ्यांत शिरून जे असेल ते उठवणे हा ज्याचा धर्म, तो कुत्रा तितर आणि अस्वल असा भेद करत नाही. अस्वल उठले की कुत्रा भुंकतो, अस्वल अंगावर येते आणि मग कुत्रा पळतो. पळतो कुठे? मालकाकडे! चवताळलेले अस्वल त्याच्या मागोमाग मालकापर्यंत पोचते. मोहफुले किंवा डिंक गोळा करायला जाणाऱ्या बायाबापड्यांनी मोकळा कुत्रा जंगलात नेऊ नये असे सांगतात ते एवढ्यासाठी.

शिकारीला 'राजांचा खेळ' म्हणण्याची पद्धत जुनी आहे. नालासोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. आता तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या आठव्या लेखाचा विषय नेमका हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि तिच्यात मृगया असे. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला जाऊन ती रीत बदलली आणि धम्मयात्रा सुरू केली. महाराष्ट्राच्या मातीत सापडलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक लेख शिकार सोडल्याची हकीकत सांगतो, हे आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिले.

तित्तिर जातकात पारध्याने पाळलेला एक तितर आहे. तो हाक देतो, त्या हाकेला भुलून त्याचे भाईबंद येतात आणि पारध्याच्या हाती लागतात. पाप कुणाचे, हा प्रश्न त्या तितराला छळतो. हीच युक्ती विदर्भातले फासेपारधी पिढ्यान् पिढ्या वापरत आले. पिंजऱ्यात पाळलेला तितर आणि भोवती फासे. पोटासाठी हे करणाऱ्या माणसांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो कायद्याने १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. त्याच काळात घोड्यावरून स्पॅनियल घेऊन येणाऱ्या साहेबाला मात्र 'स्पोर्ट्समन' म्हणत. आज वाशीम-अकोल्याकडच्या माळरानांवर फासेपारधी समाजातले तरुण 'संवेदना' या संस्थेबरोबर गवताळ माळ आणि तणमोरासारखे दुर्मीळ पक्षी राखण्याचे काम करीत आहेत. पक्षी कुठे बसतो, कधी हलतो हे ज्यांना आजोबांपासून ठाऊक, त्यांच्याइतका चांगला राखणदार दुसरा कुठून आणणार?

मग कुत्रा घ्यायचाच नाही का? जरूर घ्यावा. पण आधी काम ठरवावे आणि मग कुत्रा. मोताळ्याच्या शेतकऱ्याचे काम ठरलेले आहे. मक्यात रानडुक्कर शिरते, तुरीत रोही शिरतात. रात्री माळ्यावर एकटे बसणाऱ्याला कुणी तरी आधी जागे करावे लागते. ऊन सोसणारा, जे घरात शिजते त्यावर राहणारा, आखूड केसांचा आणि उभ्या कानांचा, ज्याच्या कानात कुसळ सहसा राहत नाही असा कुत्रा या कामाला हवा. तो आपल्या गल्लीत फुकट मिळतो. त्याला आपण 'गावठी' म्हणून हिणवतो.

इंग्रजांनी त्याला काय नाव दिले होते, ठाऊक आहे? 'परिआ डॉग'. परिआ हा शब्द तामिळनाडूतल्या परैयर या अस्पृश्य ठरवलेल्या जातीवरून घेतला. 'परै' म्हणजे ढोल, तो वाजवणाऱ्यांची जात. माणसांच्या जातीचे नाव गावाबाहेरच्या कुत्र्याला दिले आणि ते जगभरच्या पुस्तकांत छापले. आज पुष्कळ जाणकार तो शब्द टाळून 'इंडियन डॉग' किंवा नुसते 'इंडी' म्हणतात. आपल्याकडे अजून पहिला प्रश्न "कोणत्या जातीचा?" हाच असतो आणि उत्तर ऐकून लोक कुत्र्याला जवळ घ्यायचे की हाकलायचे ते ठरवतात. वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला तर नवल नाही. आपल्या घरातून तो यावा याचे मात्र आम्हाला आश्चर्य वाटते.

गावठी कुत्र्यात दोष नाहीत असे मुळीच नाही. तो स्वतःच्या मनाचा असतो, हुकूम ऐकायला वेळ लावतो. मोकळा सोडला तर चार सोबती जमवून तोच तितरांची घरटी, सशांची पिल्ले, प्रसंगी हरणाचे पाडस फाडतो. मोकाट टोळ्यांनी जमिनीवरच्या पक्ष्यांचे जेवढे नुकसान केले, तेवढे स्पॅनियलांनी केलेले नाही हे कबूल केले पाहिजे. शिवाय कुत्र्यांचे रोग जंगलात जातात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या अनेकांना डिस्टेंपर या विषाणूची लागण झाली होती. म्हणून पाळायचे तर पुरते पाळावे. रात्री वावरात बांधावे किंवा लांब दोरावर ठेवावे, लसी वेळेवर द्याव्यात, आणि पिल्ले नको असतील तर नसबंदी करून घ्यावी. कुत्र्याचे काम आरोळी देण्याचे. रानडुकराशी झुंजायला त्याला सोडू नये, सुळ्याने पोट फाटलेला कुत्रा वाचत नाही. पिकाचे नुकसान झाले तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज लगेच द्यावा.

पिल्लू निवडताना आईला पाहावे. आई माणसांना धीटपणे सामोरी येत असेल तर पिल्ले बहुधा तशीच निघतात. सर्वांत आधी धावत येऊन बोट चावणारे पिल्लू मुलांना आवडते आणि कोपऱ्यात लपलेल्याची दया येते. आम्ही म्हणू, मधले घ्या. भांडे वाजवले की दचकेल, पण पुन्हा काय वाजले ते पाहायला येईल असे. पिल्लू विकत घेत असाल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि विक्रेत्याची नोंदणी असावी लागते. दोन्ही गोष्टी विचाराव्यात. विचारताच तो चिडला तर परत यावे.

घरी स्पॅनियल आलाच असेल, बुलडाण्याच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकाने बदलीमुळे सोडला असेल, तर त्याला टाकून देऊ नये. त्याच्या नाकाला काम हवे असते. ते दिले नाही तर तो चपला फाडतो, अंगण उकरतो. घरातल्या मुलांनी जुना मोजा किंवा भाकरीचा तुकडा अंगणात लपवावा आणि त्याला शोधायला लावावे. पंधरा मिनिटांच्या अशा खेळाने तो जितका दमतो तितका तासभर फिरवून दमत नाही. स्फोटके हुंगून काढणाऱ्या पथकांत कॉकर स्पॅनियल घेतात ते याच नाकासाठी. सर्वांत आधी त्याला एकच गोष्ट शिकवावी, हाक मारली की परत येणे. लांब दोर बांधून, आला की घास देऊन, रोज. हे पक्के होईपर्यंत वावरात त्याला मोकळे सोडू नये आणि पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत तर पक्के झाल्यावरही नाही.

उन्हाळ्यात फिरणे पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. डांबरी सडकेवर आपला तळवा क्षणभर टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. धाप फार लागली, तोंडातून चिकट लाळ आली, चाल अडखळली तर सावलीत नेऊन पोटावर व पायांवर पाणी ओतावे आणि डॉक्टर गाठावा. पिसाळण्याची लस तीन महिन्यांचा झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पुन्हा, आणि पुढे दर वर्षी. ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावी. कुत्रा कुणाला चावला, मग तो घरचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. तिच्या सगळ्या मात्रा पुऱ्या कराव्यात. सोयाबीन निघाल्यावर माळावरून परत आलात की कुत्र्याचे कान उलटे करून, बोटांची बेचकी फाकवून कुसळे पाहावीत. हे काम दहा वर्षांच्या मुलालाही जमते आणि त्याला ते आवडतेही.